सहलीला निघालो आणि विजेची गाडी रस्त्यात बसली : तुमचे अनुभव लिहा

विजेच्या गाडीने लांब जायचं म्हटलं की भेटेल तो एकच प्रश्न विचारतो: चार्ज संपला तर काय करणार? तो प्रश्न इथे नको. चार्ज किती उरलाय ते पडद्यावर दिसत असतं, त्याचा हिशेब आधी मांडता येतो. मला ऐकायचंय ते वेगळंच. बॅटरीत भरपूर चार्ज आहे, गाडीत म्हातारी माणसं आहेत, पोरं आहेत, डिकी गच्च भरलीय आणि गाडी हलायला तयार नाही. अशा वेळी नेमकं काय बिघडलं होतं, मदतीला आलेल्याने काय केलं आणि गाडीतल्या माणसांची सोय कशी लागली, ते सविस्तर लिहा. कंपनीचं नाव मात्र नको. कोणाची गाडी भंगार यावर भांडायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत.

सुरुवात मीच करतो.

डोंगरातल्या एका वळणावर फोटो काढायला थांबलो. आईचे गुडघे दुखत होते म्हणून ती मागच्या सीटवरच बसून राहिली. परत आलो तर दार उघडेना. हँडल दारात सपाट बसलेली, रिमोट दाबला तरी बाहेर येईनात. आतला पडदा काळाठिक्कर. आई आतून काच वाजवतेय, आम्ही बाहेरून हातवारे करतोय, असा तमाशा. मोठी बॅटरी जवळपास पाऊण भरलेली होती.

बसली होती ती लहान बॅटरी, १२ व्होल्टची. पेट्रोलच्या गाडीत असते तशीच ती इथेही असते. दारं, दिवे, वायपर, पडदा, सगळे कंप्युटर तिच्यावर चालतात. मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर नावाचे जाड स्विच ओढून धरायला तिचीच वीज लागते. ती मेली की चारशे व्होल्टचा साठा गाडीच्या पोटात नुसता पडून राहतो.

रिमोटच्या आत एक लोखंडी पातं लपवलेलं असतं. त्याने ड्रायव्हरचं दार उघडलं. आईचं दार आतून उघडलं, कारण आमच्या गाडीत आतलं हँडल जोर लावून पूर्ण ओढलं की तारेने कुलूप सुटतं. त्या बाजूचं चाइल्ड लॉक लावलेलं असतं तर तेही जमलं नसतं. मग एका पेट्रोल गाडीवाल्याला थांबवून त्याच्या बॅटरीपासून आमच्या लहान बॅटरीला जंप केबल लावल्या. तो बिचारा हात लावायला तयार नव्हता, शॉक बसेल म्हणून. बोनेटखालच्या जाड नारिंगी केबल दाखवून त्याला सांगितलं की धोका त्यांना आहे, त्यांच्या जवळपास आपण जाणारच नाही, आपलं काम फक्त १२ व्होल्टशी. केबल लागल्या, पडदा उजळला, सीटखालून खट्ट असा कॉन्टॅक्टरचा आवाज आला आणि गाडी ‘रेडी’ झाली. एकदा रेडी झाली की मोठी बॅटरीच लहानीला चार्ज करत राहते, त्यामुळे पुढचा प्रवास नीट झाला. घरी येऊन लहान बॅटरी बदलली.

हे माझ्या एकट्याचं नशीब नाही. जर्मनीत एडीएसी हा वाहनचालकांचा संघ रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांची दरवर्षी आकडेवारी काढतो. त्यात विजेच्या गाड्या बंद पडण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण हीच १२ व्होल्टची बॅटरी आहे.

*

आमची गाडी बंद पडली नव्हती, चार्जरला बांधली गेली होती. चार्ज पूर्ण झाला, पैसे कापले गेले आणि गन, म्हणजे गाडीत खुपसलेलं चार्जरच्या केबलचं टोक, काही निघेना. दोन्ही पोरं मागे झोपलेली, मागे चार्जिंगसाठी गाड्यांची रांग.

सासरे म्हणाले, “दोघांनी मिळून ओढा, निघेल.” नवरा लगेच बाह्या सरसावून तयार. मी दोघांना थांबवलं. गनला गाडीच्या बाजूने एक खिटी अडकते. फास्ट चार्जरमधून शेकडो अँपिअर डीसी करंट जात असतो. तो चालू असताना कोणी गन उपसली तर ठिणगी नाही, अक्षरशः वेल्डिंगसारखा जाळ निघेल, म्हणून ती खिटी. करंट थांबल्यावर छोटी मोटर ती मागे घेते. आमची मोटर हलत नव्हती. त्यात केबलच्या वजनाने गन खाली ओढली जात होती, त्यामुळे खिटीवर ताण.

काय काय केलं ते सांगते. अ‍ॅपवरून सेशन पुन्हा बंद करून पाहिलं. गाडी लॉक-अनलॉक, लॉक-अनलॉक. मग सासऱ्यांना गन खालून उचलून धरायला सांगितली आणि परत अनलॉक केलं. ही युक्ती बहुतेक वेळा चालते म्हणतात, आमची नाही चालली. शेवटी नवऱ्याने मोबाइलवर गाडीचं मॅन्युअल उघडलं. डिकीच्या एका बाजूच्या अस्तरात काडेपेटीएवढं झाकण होतं. त्याच्या आत बोट घातल्यावर दोरीचा फास लागला. चार्जिंग पूर्ण थांबलंय हे पडद्यावर पाहून तो ओढला. टक्. गन हातात.

आता खरी गंमत. ते झाकण उघडायला सगळ्या बॅगा बाहेर काढाव्या लागल्या आणि रांगेतल्या लोकांनी त्या काढायला मदत केली. सुटका आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त हवी होती.

*

टोइंगबद्दल लिहितो, कारण त्यावर सगळीकडे अर्धवट माहिती फिरते.

पडद्यावर ड्राइव्ह सिस्टीमचा लाल इशारा आला, गाडीने वेग उतरवला, मी कडेला घेतली. हेल्पलाइनने पाठवलेली गाडी आली ती हुकवाली. पुढची चाकं उचलायची आणि मागची रस्त्यावर घरंगळत न्यायची, हा तिचा धंदा. माझी गाडी मागच्या चाकांवर चालणारी. नाही म्हणालो. तो म्हणाला, न्यूट्रलमध्ये टाका, काही होत नाही. होतं. विजेच्या बहुतेक गाड्यांत चाक आणि मोटर यांच्यात क्लच नसतो. न्यूट्रल म्हणजे फक्त वीज देणं बंद; चाक फिरलं की मोटर फिरतेच. त्यात मोटर कायमच्या चुंबकाची असेल तर ती फिरताना जनरेटर होऊन वीज तयार करते. सिस्टीम बंद असताना ती वीज आणि उष्णता जाणार कुठे? बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा इन्व्हर्टर जळू शकतो. चारही चाकं जमिनीपासून वर, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक, फ्लॅटबेडच हवा. चढवताना चार हात घरंगळली तर चालतं, महामार्गावर ओढत नेणं चालत नाही.

दुसरी अडचण हँडब्रेकची. तो आता बटणाचा, म्हणजे पुन्हा १२ व्होल्ट. माझी लहान बॅटरी जिवंत होती म्हणून टोइंग मोड लागला आणि चाकं सुटली. नसती सुटली तर चाकांखाली छोट्या ट्रॉल्या घालून सरकवावी लागते.

फ्लॅटबेड यायला संध्याकाळ झाली आणि मग लक्षात आलं की त्याच्या केबिनमध्ये जागा दोघांना. आम्ही सहा. माणसं फ्लॅटबेडवरच्या गाडीत बसवून नेऊ नका, ड्रायव्हर हो म्हणाला तरी. बायको, बहीण, दोन्ही मुलं आणि बाबा भाड्याच्या गाडीने पुढे मुक्कामाला गेले, मी गाडीबरोबर उलट्या दिशेला. हेल्पलाइनला फोन करतानाच दोन गोष्टी सांगायच्या: गाडी विजेची आहे आणि माणसं इतकी आहेत. पहिली मी सांगितली होती, तरी हुकवाली आली.

*

पंक्चर. बाकी काही नाही.

स्टेपनी नव्हती, विजेच्या बऱ्याच गाड्यांत नसतेच. बाटलीतलं द्रव टायरमध्ये सोडून हवा भरायची असा किट मिळतो. टायर बाजूने फाटला होता, तिथे त्या बाटलीचा उपयोग शून्य. एक भला माणूस जॅक घेऊन आला आणि सरळ गाडीच्या पोटाला लावायला निघाला. पोटात बॅटरी असते! जॅक फक्त कडेच्या खुणेच्या जागीच. एवढं त्याला ओरडून सांगितलं, ते त्याला लागलं, नंतर माफी मागितली.

*

माझा अनुभव बिघाडाचा नाही, बिघाडाच्या भासाचा. तरी लिहितो, कारण सौभाग्यवतींनी त्या दिवशी गाडीतून उतरून चालत जायची धमकी दिली होती.

मुक्काम उंचावर होता. रात्री तिथेच गाडी शंभर टक्के चार्ज केली. सकाळी उतरणीला लागलो आणि पाय उचलला की गाडी जी आपोआप मंदावते ती मंदावेना. पडद्यावर इशारा. मागून “ब्रेक गेले, ब्रेक गेले” सुरू. ब्रेक शाबूत होते. मंदावताना मोटर वीज बनवून बॅटरीत टाकते, पण बॅटरीच काठोकाठ भरलेली, ठेवायला जागा नाही, म्हणून गाडीने ती सोय बंद केली होती. साधे ब्रेक वापरत थोडं खाली आलो, चार्ज जरा उतरला, सगळं पूर्ववत.

मी निवृत्त इंजिनिअर, त्यामुळे आकडा दिल्याशिवाय राहवत नाही. माणसं-सामानासह दोन टनांची गाडी १००० मीटर उंच चढवायला, रस्त्याचा आणि वाऱ्याचा विरोध सोडून, नुसत्या उंचीचे साडेपाच युनिट लागतात. उतरताना त्यातले बरेचसे परत मिळतात, पण बॅटरीत जागा असेल तर. उंचावरून निघायचं असेल तर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं. आमच्याकडे आता ते कामही सौभाग्यवतींकडे आहे.

*

आमचा प्रकार जरा भीतीचा होता. रात्रभर मुसळधार पाऊस, सकाळी निघालो, तासाभरात मोठ्ठा इशारा: सुरक्षित ठिकाणी थांबा. थांबलो, बंद केली, परत चालू होईना. धूर नाही, वास नाही, चार्ज भरपूर. तरी सगळ्यांना उतरवून रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभं केलं. धाकटीला गाडी लागते, ती तेवढी खूश.

मेकॅनिकने सांगितलं, इन्सुलेशनचा दोष. मोठ्या बॅटरीची दोन्ही टोकं गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून पूर्ण वेगळी ठेवलेली असतात, आणि कुठे वीज झिरपतेय का हे गाडी स्वतःच मोजत असते. आंतरराष्ट्रीय नियमात डीसी बाजूला व्होल्टमागे किमान १०० ओहम विरोध हवा, म्हणजे ४०० व्होल्टला ४० हजार ओहम. त्याखाली आकडा गेला की गाडी हट्टाने जागेवर बसते, आणि बसावंच.

मला वाटलं पावसाचं पाणी. निघाला एसीचा कॉम्प्रेसर! तो मोठ्या बॅटरीवरच चालतो, त्याच्या आत इन्सुलेशन खराब झालेलं. मेकॅनिकने हातमोजे घालून हाय व्होल्टेज बंद केलं, थोडा वेळ थांबला, मग तो वेगळा करून मोजलं, बाकीची गाडी ठणठणीत. हे आपण करायचं काम अजिबात नाही. सुटा भाग नव्हता, म्हणून सहल तिथेच संपली. मुलांना अजूनही वाटतं की एसी जास्त लावला म्हणून गाडी रुसली.

*

एक विचारू का? गाडी अशी तासन्‌तास अडकली तर आत एसी लावून बसता येतं का? आमच्याकडे तान्हं बाळ आहे, पुढच्या महिन्यात निघायचंय.

*

येतं, इन्सुलेशनसारखा लाल इशारा नसेल आणि जागा सुरक्षित असेल तर. केबिन एकदा थंड झाली की एसी साधारण एक किलोवॉटच्या आसपास खातो, कडक उन्हात जास्त. पन्नास युनिटच्या बॅटरीत निम्मा चार्ज असेल तर रात्र निघून जाईल. गाडी ‘रेडी’मध्ये ठेवा. नुसता पडदा आणि गाणी चालू ठेवून बसलात तर बऱ्याच गाड्यांत तो भार लहान बॅटरीवर पडतो आणि मग पहिल्या अनुभवातल्यासारखी गत होते. भर रस्त्यात थांबली असेल तर मात्र एसी विसरा, बाळाला घेऊन आधी बाहेर पडा.

*

धागाकर्ता पुन्हा: छान माहिती येतेय. तान्ह्या बाळासह निघणाऱ्यांनी मागच्या दाराचं आतलं हँडल एकदा घरीच तपासून घ्या. काही गाड्यांत मागे हाताने उघडायची सोय कप्प्याच्या तळाशी लपवलेली असते, काहींत नसतेच. बाकी, चार्जिंग मधेच तुटून त्यानंतर गाडीच चालू झाली नाही, असं कोणाचं झालंय का? दोघांनी निरोपात त्रोटक लिहिलंय, इथे सविस्तर लिहा. मेकॅनिकने दोष चार्जरचा काढला की गाडीचा, तेही सांगा.