पित्ताशय काढल्यानंतर कोणती तक्रार साधी, कोणती धोक्याची?

प्रश्न: दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर काहींचा खांदा दुखतो, काहींना जुलाब होतात. यात घाबरण्यासारखं काय?

उत्तर १: खांदेदुखी वायूमुळे. पोटात जागा करायला कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाने भरतात. त्याने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, चिडतं आणि ती वेदना खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत ओसरतं, थोडं चालत राहावं.

उत्तर २: खरी भीती पित्तनलिकेच्या, म्हणजे यकृताकडून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य नळीच्या, इजेची. जुन्या सुजेने सगळं चिकटलेलं असलं की मुख्य नलिकाच पित्ताशयाची नळी वाटते. म्हणून पित्ताशयात जाणारी नळी आणि धमनी, दोनच रचना, स्पष्ट दिसल्याशिवाय क्लिप लावून कापायचं नाही. न दिसल्यास पोट उघडणं हे अपयश नव्हे, शहाणपण आहे.
नंतर पोटदुखी वाढत गेली, थंडी-ताप आला, डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दाखवा. पित्त गळत असेल किंवा नलिकेत खडा राहिला असेल. बहुतेकदा तोंडातून दुर्बीण घालून स्टेंट (नलिकेत ठेवायची बारीक नळी) टाकता येतो, खडाही काढता येतो.

उत्तर ३: जुलाबांचं राहिलं. पित्त साठायला जागा नसल्याने ते आतड्यात सतत झिरपतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. टिकलंच तर डॉक्टर कोलेस्टिरामीन हे आतड्यातलं पित्त बांधून ठेवणारं औषध देतात. इतर गोळ्या मात्र त्याच्या किमान १ तास आधी घ्या, नाहीतर नीट शोषल्या जात नाहीत.