दीड महिना डोकं दुखतंय, काय करू? लवकर सांगा

कलमवाला_देवगड: दीड महिना झाला डोकं दुखतंय. चष्म्याचा नंबर तपासला, ठीक आहे. गोळी घेतली की थांबतं, परत सुरू. टेन्शन वगैरे काही नाही. लवकर सांगा, पहाटे आंब्यावर फवारणीला जायचंय.

खाडीपलीकडे: दुखतं कुठे, एका बाजूला की सगळीकडे? वय? बीपी? गोळ्या किती? आम्ही इथे बसून कौल लावायचा का?

चाकरमानी: सुंठ उगाळून कपाळाला लावा. आमची आजी तेच करायची.

गजालीकार: सुंठीन काय होतला? फवारणीचो वास डोक्यात जाता, मास्क लाव. औंदा मोहोरावरचे थ्रिप्स किडे आयकणत नाय, तुझ्याकडे कसा?

चाकरमानी: सुंठीला नावं ठेवू नका. बाकी मार्चची पेटी काय भावाने द्याल?

कलमवाला_देवगड: भावाचं नंतर हो! वय ४१, बीपी १२८/८४. दोन्ही बाजूंनी आवळतं, टोपी घट्ट बसल्यासारखं, मान पण धरते. उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही. फवारणी नसते तेव्हाही दुखतं. गोळी रोज एक, कधी दोन. रात्री अडीचला जाग येते, मग मोबाइलवर पाऊस दाखवतायत का बघत बसतो, मोहोर गळला तर सोसायटीचं कर्ज कसं फेडू तेच डोक्यात. सकाळी दाढा ठणकतात.

खाडीपलीकडे: आणि म्हणे टेन्शन नाही! बोटीचं कर्ज होतं तेव्हा माझं हेच. डॉक्टर म्हणाले, काळजीत माणूस नकळत दात आवळतो, खांदे वर ओढतो, मानेचे आणि डोक्याचे स्नायू तासन्‌तास ताठ, त्यात झोप नाही म्हणून दुखणं जास्तच जाणवतं, मग त्या दुखण्याचीच काळजी. गोळ्यांचं डॉक्टरांना नक्की सांगा, साधी पेनकिलरसुद्धा महिन्यात १५ दिवस किंवा जास्त अशी काही महिने घेतली तर तिच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं. अचानक भयंकर दुखलं, तापात मान आखडली किंवा हातपाय लुळे पडले तर तडक हॉस्पिटल. रात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस १४४१६, मनाच्या त्रासाची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट.

नारळपाणी: केस गळतीवर काय लावावं?

कलमवाला_देवगड: गोळीचं माहीत नव्हतं. फवारणी आटपून उद्याच दाखवतो. आत्ता टाइप करताना बघितलं तर खांदे कानाला टेकलेत.

गजालीकार: मोबाइल ठेव आता. पाऊस तुका इचारून पडाचो नाय.

चाकरमानी: पेटीचं राहिलं.