मदत हवी आहे: जुना ऑइल फिल्टर हलत नाहीये, आणि नवा नेमका किती आवळायचा?

नमस्कार मंडळी, गाडी आत्ता स्टँडवर उभी आहे, चेंबरचा नट काढून सगळं ऑइल घमेल्यात उतरवून झालंय आणि फिल्टर काही केल्या हलत नाहीये, म्हणून घाईघाईत लिहितेय, काही सांगायचं राहिलं असेल तर विचारा.

पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडर. फिल्टर नेहमीचा, पत्र्याच्या डब्यासारखा, आट्यांवर फिरवून बसवायचा. तोंड वर इंजिनकडे आणि बूड खाली. गाडीखाली झोपलं की हात पोचतो पण कोपर वळवायला जागा नाही आणि शेजारूनच सायलेन्सरचा पाइप जातो.

हा फिल्टर गेल्या वेळी मीच बसवलाय, त्यामुळे चूक माझीच आहे, पण ती का झाली ते सांगते. त्याच्या आधीच्या वेळी, म्हणजे मी पहिल्यांदा घरी ऑइल बदललं तेव्हा, जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती. मी वर बघितलंच नाही, तसाच नवा फिल्टर चढवला, म्हणजे एकावर एक दोन रिंगा झाल्या. इंजिन चालू केलं, काही सेकंद सगळं ठीक, आणि मग खालून अक्षरशः धार लागली. लगेच बंद केलं म्हणून इंजिन वाचलं, पण तो जमिनीवरचा तेलाचा पाट बघून पोटात जो गोळा आला तो अजून विसरले नाहीये. त्या धसक्यानं गेल्या वेळी हातानं पूर्ण आवळून झाल्यावर वर पट्ट्याचा पाना लावून आणखी अर्धा फेरा तरी पिळला असेल, लीक नको म्हणजे नको. रिंगेला ऑइल लावलं होतं का, ते आता आठवत नाही.

आज पट्ट्याचा पाना लावला तर तो गोल गोल घसरतोय, मोठ्या पकडीनं धरलं तर डबा मधोमध चेपला. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायचा असं वडील म्हणतात, पण माझा हात धजत नाहीये. तर दोन गोष्टी सांगा, हा इंजिनला इजा न होता कसा काढू, आणि नवा नक्की किती आवळू? सगळे "हातानं घट्ट" म्हणतात, पण माझ्या हाताचं घट्ट आणि माझ्या भावाच्या हाताचं घट्ट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रतिसाद १:
इंजिन पाच मिनिटं चालू करून गरम करा, रबर थोडं नरम पडतं आणि फिल्टर सुटतो, मी दर वेळी असंच करतो.

प्रतिसाद २:
ताई, वरचं अजिबात करू नका! ऑइल उतरवलेलं आहे, आत थेंब नाही, अशा वेळी स्टार्टरला हातसुद्धा लावायचा नाही. उलट किल्ली काढून खिशात ठेवा म्हणजे घरातलं दुसरं कुणी चुकून चालू करणार नाही.

प्रतिसाद १:
बरोबर आहे, ऑइल काढलंय ते वाचायचं राहिलं माझं. माफ करा. गरम करणं हे ऑइल काढायच्या आधीचं काम.

प्रतिसाद २:
आता सविस्तर लिहितो, कारण या प्रकारात मीही अडकलोय.

आधी दिशा तपासा. हास्यास्पद वाटेल पण गाडीखाली उताणं झोपल्यावर भल्याभल्यांचा गोंधळ होतो आणि उलट आणखी आवळत बसतात. फिल्टरच्या बुडाकडे बघत असाल तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवला की सुटतो. तुमचं बूड खाली आहे, म्हणजे खालून वर बघताना जे उलट दिसतं तेच बरोबर. वरून बॉनेटमधून हात घालणाऱ्याला हेच नेमकं विरुद्ध दिसेल.

पट्टा घसरतोय कारण डब्याला ऑइल लागलंय. चिंधीनं पुसा, साबणाचं पाणी मारून पुन्हा कोरडा करा. मग पट्टा आणि डबा यांच्यामध्ये पॉलिश पेपरची पट्टी घाला, खरखरीत बाजू डब्याकडे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पट्टा मधे लावू नका, जितका इंजिनच्या जवळ नेता येईल तितका वर न्या. डब्याचा पत्रा पातळ असतो, मधे काहीच आधार नाही म्हणून चेपतो, पण तोंडाशी आत जाड लोखंडी चकती असते आणि आटे त्या चकतीतच असतात, तिथे धरलं की जोर थेट आट्यांवर येतो. पाना ताणून धरा आणि मग एक झटका द्या. हळूहळू जोर वाढवत गेलात तर रबर नुसतं पीळ खातं.

तरी नाही निघाला तर तीन बोटांचा पाना मिळतो, रॅचेटला लावायचा, जितकं फिरवाल तितकी त्याची बोटं डब्याला जास्त आवळतात. टोपीसारखा पाना सगळ्यात सुबक, पण तो फिल्टरच्या बुडावरच्या पैलूंना तंतोतंत बसणारा हवा, एकाच व्यासाच्या दोन फिल्टरांना पैलू १४ की १५ यावरून पाना बदलतो, आणि चेपलेल्या डब्यावर तो बसेलच असं नाही.

स्क्रूड्रायव्हर शेवटचा उपाय. पत्रा पातळ असल्यानं पुष्कळदा डबा फिरत नाही, नुसता फाटत जातो, आणि एकदा फाटला की पाना धरायला काही उरत नाही, हाताला कापतं ते वेगळं. डबा पूर्ण फाटून वर नुसती चकती राहिलीच तर छिन्नी चकतीच्या कडेला तिरकी लावून सुटायच्या दिशेनं हातोडीनं हलके ठोके द्यायचे. छिन्नी इंजिनच्या गुळगुळीत तोंडावर घसरू द्यायची नाही, कारण रिंग त्याच तोंडावर बसते आणि तिथे ओरखडा पडला तर नवा फिल्टरही झिरपेल.

पुढच्या वेळेसाठी एक सवय लावून घ्या. ऑइल उतरवायच्या आधीच फिल्टर थोडा सुटतो का बघायचं, किंचित हलला की हातानं परत बसवून ठेवायचा आणि मग चेंबरचा नट खोलायचा. नाहीच हलला तर गाडीत ऑइल आहे, नट आणि फिल्टर दोन्ही जागेवर आहेत, गाडी कुणाकडेही चालवत नेता येते.

प्रतिसाद ३:
किती आवळायचा याबद्दल मी लिहिते, हा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे.

"हातानं घट्ट" हे माप नाही, माप आहे फेरा. फिल्टर फिरवत वर न्या, रबर रिंग इंजिनच्या तोंडाला टेकली की हाताला एकदम फरक कळतो, त्या क्षणी थांबा आणि डब्यावर मार्करनं खूण करा. तिथून पुढे बहुतेक फिल्टरना पाऊण फेरा. काहींना एक. फिल्टरवर किंवा खोक्यावर चित्रासकट छापलेलं असतं आणि तेच अंतिम, काही डब्यांवर तर बाजूनं १, २, ३, ४ असे आकडेच असतात, मग वेगळी खूण करायलाही नको.

पाऊण फेऱ्यानं काय होतं तेही बघा. या फिल्टरांचे आटे साधारण दीड मिलिमीटर अंतराचे असतात (२० मिलिमीटरच्या आट्याला १.५, आणि पाऊण इंची आट्याला एका इंचात १६). म्हणजे पाऊण फेऱ्यात फिल्टर सव्वा मिलिमीटरपेक्षा किंचित कमी वर सरकतो आणि रिंग तेवढीच दबते. सील व्हायला तेवढं पुरतं. दीड फेरा दिला तर रिंग दुप्पट चेपते, सील काही दुप्पट होत नाही, पण उष्णतेनं कडक होऊन ती इंजिनला डिंकासारखी चिकटते आणि तुमच्यासारखी वेळ येते.

फिल्टर आपोआप सुटेल ही भीती मात्र काढून टाका. आत दाब खरंच मोठा असतो, रिंगेचा व्यास ६२ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर होतं आणि ४ बार दाबाला सुमारे १२० किलोचा जोर फिल्टरला खाली ढकलत असतो. पण तो सगळा आटे पेलतात. रिंगेनं फक्त फट बंद ठेवायची.

बसवायच्या आधी रिंगेला बोटानं नवीन ऑइलचा हात फिरवा, पूर्ण गोल. कोरडी रिंग टेकल्यावर घसरत नाही, मुरगळते, मग लवकर घट्ट लागल्यासारखं वाटतं पण ती नीट दबलेली नसते.

धागाकर्ती:
निघाला!! पॉलिश पेपर आणि पट्टा अगदी वर, दुसऱ्या झटक्याला कट्ट आवाज आला आणि फिरला. दोघांचेही मनापासून आभार, डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं.

रिंग फिल्टरसोबतच आली, पहिली तीच शोधली. सपाट झालीये, काचेसारखी चकचकीत आणि कडक, म्हणजे कोरडीच बसवली असणार. वर टॉर्च मारून बघितलं, तोंड स्वच्छ आहे, पण आटे असलेली मधली नळी माझ्या डोळ्यांना किंचित फिरल्यासारखी वाटतेय. आणि रिंग टेकल्याचं नेमकं कसं ओळखायचं?

प्रतिसाद २:
बरं झालं बघितलंत. ती नळी कधीकधी फिल्टरबरोबर सुटून येते. बोटांनी फिरवून बघा, फिरत नसेल तर ठीक. सैल असेल तर तशीच नवा फिल्टर लावू नका, ती आधी काढून आटे साफ करून गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे परत आवळावी लागेल.

जुना-नवा फिल्टर शेजारी ठेवून रिंगेचा व्यास आणि आटे जुळवून घ्या. आटा जवळपास सारखा असला तर चुकीचा फिल्टरही दोन-तीन फेरे चढतो आणि मग अडकतो किंवा दाबाखाली निसटतो. पहिले फेरे नुसत्या बोटांच्या टोकांनी, अडखळला तर जोर न लावता परत उतरवायचा.

प्रतिसाद ३:
टेकल्याचं ओळखायला दोन-तीन वेळा पुढे-मागे करून बघा. मोकळा फिरतो, फिरतो, आणि एका जागी रबराचा ओढ जाणवतो, दर वेळी त्याच जागी आला की तीच खूण. तोंड वर आहे ना, मग आधी थोडं ऑइल फिल्टरमधे ओतूनही ठेवता येईल, आतल्या कागदाला ते प्यायला वेळ द्या, म्हणजे चालू केल्यावर दाब लवकर तयार होतो.

धागाकर्ती:
नळी पक्की आहे, दोनदा तपासली. फिल्टर जुळले. ऑइल लावलं, खूण केली, पाऊण फेरा हातानंच दिला, हातमोजा घातल्यामुळे शेवटचा पाव फेराही पान्याशिवाय झाला. चेंबरच्या नटाला नवीन वायसर घातला. ऑइल भरून चालू केलं, तीन-चार सेकंदांत ऑइलच्या दाबाचा लाल दिवा विझला, भाऊ गाडीत बसून दिव्याकडे बघत होता आणि मी खाली टॉर्च घेऊन फिल्टरकडे. तीन मिनिटं चालवलं, एक थेंब नाही. बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बघितली, थोडं कमी होतं ते भरलं.

प्रतिसाद ४:
मधेच विचारतो, माझ्या गाडीत डबा नाही, प्लास्टिकचं झाकण आणि आत नुसता कागदी फिल्टर आहे. त्यालाही पाऊण फेराच का?

प्रतिसाद ३:
नाही, तो प्रकार वेगळा. तिथे ओ रिंग, म्हणजे गोल रबरी रिंग, झाकणाच्या खाचेत बसते आणि झाकण शेवटपर्यंत टेकवायचं असतं. झाकणावरच आकडा कोरलेला असतो, बऱ्याचदा २५ न्यूटन मीटर, टॉर्क पान्यानं (जोर मोजून आवळायच्या पान्यानं) तेवढंच आवळा. प्लास्टिक आहे, जास्त जोरानं तडकतं. ओ रिंग दर वेळी नवी, आणि जुनी जिथून काढली त्याच खाचेत, शेजारची खाच तशीच दिसते पण तिथे बसवली तर गळणार.

धागाकर्ती:
आज सकाळी पुन्हा खाली जाऊन फिल्टरभोवती कोरडा टिश्यू फिरवला, पांढराच्या पांढरा. डब्यावर मार्करनं तारीख आणि "पाऊण फेरा" लिहून ठेवलंय. जुना फिल्टर उलटा टांगून निथळत ठेवलाय, ते आणि घमेल्यातलं काळं ऑइल डब्यात बंद करून जुनं ऑइल घेणाऱ्यांकडे देणार आहे, गटारात नाही.