शब्दचर्चा: रेडिओचे 'रेटिंग', 'हिस्सा' आणि 'फॉरमॅट'

कोरा कागद
रेडिओ व्यवसायावरचा एक लेख मराठीत आणतेय. रेटिंग, शेअर आणि फॉरमॅट या तीन शब्दांवर गाडी अडली आहे. पहिल्या दोन्हींना 'श्रोतेसंख्या' म्हणावे, तर एका वाक्यात दोन्ही शेजारीशेजारी येतात आणि आकडे निराळे असतात. शिवाय 'अमुक केंद्र ऐकण्यात तिसरे, पण कमाईत पहिले' असे एक विधान आहे. ते वाचकाला पटेल असे लिहायचे तर शब्द नेमके हवेत. जाणकारांनी हात द्यावा.

मीटरबँड
एक विनंती आधीच करतो. 'रेडिओचा टीआरपी' लिहू नका. त्यातला पहिला टी म्हणजे टेलिव्हिजन. वर्तमानपत्रे सर्रास लिहितात, म्हणून ते बरोबर होत नाही.
मला 'श्रोतृप्रमाण' सुचते. 'संख्या' नको, कारण रेटिंग ही टक्केवारी असते.

दहासेकंद
मी काही वर्षे एफएम केंद्रासाठी जाहिराती विकल्या आहेत, त्यामुळे कोशातले नाही, बाजारातले सांगतो.

समजा, एका शहरात १२ वर्षांवरचे १० लाख लोक आहेत. सकाळी नऊ ते सव्वानऊ त्यातले १ लाख लोक रेडिओ ऐकतात आणि त्यातले २५ हजार आमचे केंद्र. आमचे रेटिंग अडीच, कारण भागायचे १० लाखांनी. शेअर मात्र २५, कारण भागायचे रेडिओ ऐकणाऱ्या १ लाखाने. आता रविवारची दुपार घ्या. रेडिओ ऐकणारे उरले ४० हजार, त्यात आमचे १२ हजार. रेटिंग घसरून १.२ झाले आणि शेअर चढून ३० झाला! केंद्राचा मॅनेजर शेअरची पाटी लावतो आणि जाहिरातदार रेटिंग विचारतो, ते यामुळेच.

तिसरा शब्द रीच, म्हणजे पोहोच. आठवड्यात एकदा तरी काही मिनिटे आमच्याकडे फिरकलेली वेगवेगळी माणसे. आणि चौथा, ऐकण्याचा वेळ. पुष्कळ माणसे थोडा वेळ ऐकतात किंवा थोडी माणसे पुष्कळ वेळ ऐकतात, दोन्हीतून रेटिंग सारखेच निघू शकते. पण कपड्यांचा तीन दिवसांचा सेल लावणाऱ्याला पहिला प्रकार हवा, कारण त्याला नवनवीन कान हवेत. वर्षभर फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरला दुसराही चालतो. दोघांना एकच आकडा दाखवून एकच दर मागितला तर दोघेही हसतात.

कोरा कागद
म्हणजे रेटिंगला 'श्रोतृप्रमाण', शेअरला 'श्रोत्यांतला हिस्सा', रीचला 'पोहोच'. हे जमेल. पण कमाईचे कोडे तसेच राहिले. ज्याचा हिस्सा जास्त त्याला पैसा जास्त, असे सरळ का होत नाही?

दहासेकंद
कारण विकली जातात ती माणसे, टक्के नव्हेत. हे ऐकायला वाईट वाटते, पण धंदा तसाच आहे.

अमेरिकेत यासाठी 'पॉवर रेशो' नावाचे माप आहे. शहरातल्या रेडिओ-जाहिरातींच्या एकूण पैशातला तुमचा हिस्सा घ्यायचा आणि त्याला श्रोत्यांतल्या तुमच्या हिश्शाने भागायचे. १० टक्के श्रोते आणि १० टक्के पैसा असेल तर उत्तर १. श्रोते ४ टक्के आणि पैसा ६ टक्के असेल तर दीड. तिथे बातम्या-चर्चा आणि खेळ यांची केंद्रे साधारणपणे एकाच्या वर असतात, कारण त्यांचा श्रोता कमावता, वयाने मोठा, गाडी आणि विमा विकत घेणारा असतो.
तुमच्या लेखातले 'ऐकण्यात तिसरे, कमाईत पहिले' केंद्र बहुधा असेच असणार.

तिरपी रेघ
याची दुसरी बाजूही लेखात असावी. १९९९ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगासाठी झालेल्या एका अभ्यासाने दाखवले होते की कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक श्रोत्यांची केंद्रे श्रोत्यांत वरच्या क्रमांकावर असूनही त्या मानाने जाहिराती मिळवू शकत नव्हती. काही जाहिरातदारांचा 'या केंद्रांवर नको' असा उघड आदेशच असे. मग पॉवर रेशो एकाखाली गेला तो श्रोत्याच्या खिशामुळे की जाहिरातदाराच्या पूर्वग्रहामुळे? मापाला ते कळत नाही. म्हणून त्याला 'कमाईची क्षमता' म्हणू नका. 'कमाईचे प्रमाण' म्हणा, ते तटस्थ आहे.

मीटरबँड
मान्य. आपल्याकडेही मुंबईच्या एफएमवर मराठी गाणी वाजवायला खासगी केंद्रे बराच काळ का बिचकत होती, याचे उत्तर बरेचसे इथेच आहे. मराठी ऐकणारे नव्हते असे थोडेच! आकाशवाणीची अस्मिता वाहिनी कोण ऐकत होते?

कोरा कागद
आता 'फॉरमॅट'. मी 'साचा' लिहिले आहे.

तिरपी रेघ
साचा नको. साच्यात मजकूर ओततात. फॉरमॅट म्हणजे दिवसभर केंद्र कोणाशी, कोणत्या भाषेत, कोणत्या वयाच्या आवडीने बोलणार याचे ठरलेले वळण. 'बाज' चांगला आहे. 'या केंद्राचा बाज जुन्या गाण्यांचा.'

मीटरबँड
'केंद्राने आपली बाज बदलली' असे कोणी लिहिले की आमच्या गावाकडचे लोक नवी खाट आणली असेच समजणार.

तिरपी रेघ
लिंग सांभाळले की झाले. खाट ती बाज, शैली तो बाज.

दहासेकंद
केंद्रात सगळे 'फॉरमॅट'च म्हणतात. 'बाज' लेखात शोभेल, एकदा 'फॉरमॅट' लिहून मग वापरा.

पण भारतातल्या फॉरमॅटला एक मोठी अट आहे, ती वाचकाला सांगा. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. खासगी एफएम परवान्यांच्या तिसऱ्या टप्प्याच्या २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावायची मुभा दिली. रहदारी, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-वीज यांची माहिती 'बातमी नव्हे' अशा गटात टाकली. म्हणजे अमेरिकेत दर श्रोत्यामागे चांगला पैसा देणारा बातम्यांचा बाज इथे मुळातच बंद. उरली गाणी आणि गप्पा. त्यातही सगळे चालू हिंदी हिट गाण्यांकडे धावतात, कारण एका शहरात पाच-सात केंद्रे आणि राष्ट्रीय जाहिरातदाराला हवा सगळ्यात मोठा घोळका. मुंबईत ९४.३ वर रेडिओ वनने हिंदी सोडून इंग्रजी गाणी धरली, ती वाट नेमकी उलटी होती. श्रोते कमी पण खर्चिक. असा डाव महानगरात खेळता येतो. सोलापुरात तो खेळायला माणसेच पुरणार नाहीत.

कोरा कागद
सोलापूरचा विषय निघालाच म्हणून विचारते. तिथले रेटिंग कोण मोजते?

दहासेकंद
आठवड्याचे रेटिंग? कोणीच नाही. टॅम या प्रेक्षक-श्रोते मोजणाऱ्या कंपनीची 'रॅम' ही रेडिओची मोजणी २००७ मध्ये मुंबई, दिल्ली, बेंगळुरूत सुरू झाली, पुढे कोलकाता जोडले. म्हणजे महाराष्ट्रात मोजली गेली ती फक्त मुंबई. पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर सगळे बाहेर. बाकी इंडियन रीडरशिप सर्व्हे या वाचक-पाहणीत रेडिओचा प्रश्न असायचा, तेवढाच आधार. म्हणून छोट्या शहरात 'आम्हीच नंबर वन'चे दोन-तीन फलक एकाच चौकात दिसतात.

तिथे विक्री चालते ती दुकानदाराच्या अनुभवावर. सराफ विचारतो, 'मागच्या दिवाळीला तुमचे नाव घेऊन किती गिऱ्हाईक आले?' आरजेने दुकानात येऊन दोन तास गप्पा मारल्या तर तो खुश, रेटिंग गेले खड्ड्यात. बोलीभाषेतला सकाळचा कार्यक्रम तिथे नफा देतो, कारण पैसे देणारा स्वतःच ऐकत असतो.

मीटरबँड
मुंबईची मोजणीही डायरीवरचीच होती ना? लोकांनी काय ऐकले ते आठवून लिहायचे.

दहासेकंद
हो. आठवणीत ठळक नावाचे केंद्र राहते, म्हणून प्रत्येक केंद्र दर दोन मिनिटांनी स्वतःचे नाव घेत सुटते. अमेरिकेत २००७ पासून फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टनपासून अंगावर बाळगायचे मीटर आले. तेव्हा दिसले की माणसे डायरीत लिहितात त्याहून जास्त केंद्रांवर फिरतात आणि प्रत्येक ठिकाणी कमी वेळ थांबतात. स्मूद जॅझची, म्हणजे मागे मंद चालू ठेवायच्या मऊ जॅझ संगीताची, कितीतरी केंद्रे पुढच्या काही वर्षांत मिटली किंवा बदलली. त्या धंद्यातले पुष्कळ लोक त्याचे खापर याच मीटरवर फोडतात. गाणी तीच होती, मोजपट्टी तेवढी बदलली.

तिरपी रेघ
कमाईच्या शब्दांबरोबर खर्चाचाही एक शब्द घ्या, 'नीडल अवर'. गाण्यांच्या रॉयल्टीचे माप. रेकॉर्डवर सुई जितका वेळ फिरली तितक्या तासांचे पैसे. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने ते मोडून निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्के असा दर लावला. २०२० च्या अखेरीस बौद्धिक संपदा अपील मंडळाने ध्वनिमुद्रणांसाठी पुन्हा तासांचे माप आणले. फॉरमॅटशी याचे थेट नाते आहे. तासाने पैसे द्यायचे तर आरजेने जास्त बोललेले परवडते. उत्पन्नाच्या टक्क्याने द्यायचे तर गाणी लावा की गप्पा मारा, रॉयल्टी तेवढीच. 'सुई-तास' असा शब्द मला तरी गोड वाटतो.

मीटरबँड
'वादनतास' का नको? सुई आता कुठे आहे?

तिरपी रेघ
'पडद्यामागे' म्हणताना तुम्ही पडदा शोधता का?

कोरा कागद
सुई-तास घेते. आणखी एक. 'ग्रॉस रेव्हेन्यूच्या ४ टक्के परवाना शुल्क' याला मी 'ढोबळ नफ्याच्या ४ टक्के' लिहिते आहे. चालेल?

दहासेकंद
अजिबात नाही! सगळी मेख तिथेच आहे. शुल्क नफ्यावर नाही, एकूण उत्पन्नावर आहे. तोट्यातल्या केंद्रालाही भरावे लागते. पहिल्या टप्प्यात तर ठरावीक रक्कम आणि दर वर्षी १५ टक्के वाढ होती, त्यात केंद्रे बुडायला आली. म्हणून २००५ मध्ये ४ टक्क्यांवर आणले. त्यातही खाली एक किमान रक्कम ठेवलेली होती, परवाना घेताना एकदाच भरायच्या प्रवेश शुल्काशी बांधलेली. तेव्हा वर्षभर श्रोते भरपूर आणि जाहिराती रोडावलेल्या असे झाले, तरी ती किमान रक्कम चुकत नाही. 'एकूण उत्पन्न' लिहा.

मीटरबँड
आणि सरकारी जाहिरातींचा दर वेगळा असतो, तोही एका ओळीत द्या. २०२३ मध्ये मूळ दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. शहराचा दर काढताना लोकसंख्या आणि श्रोत्यांचा आकडा दोन्ही धरतात.

दहासेकंद
बरोबर. तिथे मात्र आरजेच्या गप्पांवर कोणी भुलत नाही. लहान शहरात राष्ट्रीय ब्रँड फारसे येत नाहीत, त्यामुळे हा दर आणि गावातले सराफ, क्लासवाले यांच्यावरच वर्ष निघते.

कोरा कागद
'स्थानिक रेडिओ' आणि 'सामुदायिक रेडिओ' एकच का?

तिरपी रेघ
नाही. म्हसवडची माणदेशी तरंग किंवा पुणे विद्यापीठाची विद्यावाणी हे सामुदायिक. ते नफ्यासाठी नसतात, त्यांना तासाला किती मिनिटे जाहिरात करायची याचीही मर्यादा असते. तुमच्या लेखातला पॉवर रेशो त्यांना लावू नका. आकाशवाणीची बीड, सातारा अशी 'स्थानिक केंद्रे' हा तिसराच प्रकार. लेखात नफ्याचा विषय असेल तर 'शहरातील खासगी एफएम केंद्र' असे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाका.