मदत हवी आहे: नाशिकला सिडकोत फ्री डिशची छत्री बसवली, स्ट्रेंग्थ भरपूर पण क्वालिटी शून्य

सिडकोकर:

नमस्कार मंडळी. डीडी फ्री डिशबद्दल (दूरदर्शनची दरमहा पैसे न लागणारी उपग्रह सेवा) जाणकारांची मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला उलट विचारत बसावं लागणार नाही.

आमचं सिडकोत एक मजल्याचं घर आहे, वर मोकळी गच्ची. बाबा अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांना टीव्हीवर सह्याद्रीच्या सातच्या बातम्या, शेतीचे कार्यक्रम आणि नाट्यसंगीत एवढंच लागतं. पूर्वी गच्चीवरच्या काड्यांच्या अँटेनावर हे सगळं फुकट दिसायचं. दूरदर्शनची ती जुनी प्रक्षेपणं बंद झाली. मोबाइलवर बघा म्हटलं तर त्यांचे डोळे दुखतात. जे वाहिनीवाले पैसे मागत नाहीत, त्यांच्यासाठी दरमहा रिचार्ज का भरायचा, हा त्यांचा प्रश्न मला पूर्ण पटतो. म्हणून फ्री डिश घ्यायचं ठरवलं.

सामान असं आहे: ६० सेंटिमीटरची छत्री, नवा युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा डबा), एमपेग-४ चा (नव्या पद्धतीने दाबून पाठवलेलं चित्र उलगडणारा) बॉक्स आणि आरजी-६ ही छत्रीची वायर. छत्री गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात, पूर्वीच्या डीटीएचच्या पाइपावर लावली आहे. बसवायला आलेल्या माणसाने बराच वेळ फिरवाफिरव केली. बॉक्सवर स्ट्रेंग्थ ८५ टक्के दिसते, क्वालिटी मात्र ०. शेवटी तो म्हणाला, "समोर सहा मजली इमारत झाली आहे, आता इथे फ्री डिश लागणारच नाही, पैशांचं कनेक्शन घ्या." आणि गेला.

ती इमारत आमच्यापासून अंदाजे २५ मीटरवर आहे, बरोबर आग्नेयेलाच. आमच्या गच्चीपेक्षा १२ मीटर तरी उंच असेल. गच्चीवर आणखी काय आहे तेही सांगतो: छत्रीपासून मीटरभरावर लोखंडी स्टँडवर पाण्याची काळी टाकी, कपड्यांच्या दोऱ्या, आणि डाव्या अंगाला शेजाऱ्यांचा शेवगा.

माझे प्रश्न: इमारतीमुळे खरंच सिग्नल अडतो का? स्ट्रेंग्थ एवढी असताना क्वालिटी शून्य कशी? आणि कुणाला पुन्हा न बोलावता हे घरच्या घरी जमेल का? बाबांना "नाही होत" असं सांगायची माझी अजिबात इच्छा नाही.

मखमलाबादी:

सिडकोकर, इमारतीची काळजी सोडा. ती आड येत नाही, आणि का येत नाही ते हिशेबानेच सांगतो.

फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते. हा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. नाशिक २० अंश उत्तर आणि ७३.८ अंश पूर्व. यावरून नाशिकमधून दिशा येते उत्तरेकडून घड्याळाच्या काट्याप्रमाणे १३४ अंश, म्हणजे आग्नेय. सिडकोतून बघाल तर सिन्नरच्या बाजूला, पण आणखी थोडं दक्षिणेकडे. पांडवलेणीचा डोंगर तुमच्या उजव्या हाताला राहील. आणि क्षितिजापासून उंची येते ५७ ते ५८ अंश. ही उंची बरीच असते, मान चांगली वर करावी लागते.

५७.५ अंशाचा अर्थ असा, की समोरची वस्तू जितकी लांब असेल त्याच्या दीडपटीहून थोडी जास्त उंच असली तरच ती आड येते. २५ मीटरवरच्या इमारतीला त्यासाठी छत्रीपेक्षा जवळपास ४० मीटर वर जावं लागेल. तुमची १२ मीटर आहे, म्हणजे तिचा माथा २६ अंशांपर्यंतच पोहोचतो. तिने तुमचा सिग्नल अडवणं शक्य नाही.

मला संशय आहे तो टाकीवर. एक मीटरवर असलेली वस्तू छत्रीपेक्षा १.६ मीटर वर गेली की बास, सिग्नल बंद. स्टँड धरून तुमची टाकी तेवढी सहज असेल. ती छत्रीच्या कुठल्या बाजूला आहे?

स्ट्रेंग्थचं म्हणाल तर त्या आकड्यावर जाऊ नका. एलएनबी चालू आहे आणि वायर जोडलेली आहे, एवढंच तो सांगतो. छत्री भिंतीकडे तोंड करून ठेवलीत तरी तो येईल. उपग्रह सापडला की नाही ते फक्त क्वालिटी सांगते.

सिडकोकर:

मनापासून आभार! टाकी छत्रीच्या समोरच आहे, इमारतीच्याच बाजूला. स्टँडसकट छत्रीच्या दोन मीटर वर जाते. कोपऱ्यातला पाइप तयार होता म्हणून त्याने तिथेच छत्री लावली, आणि टाकी तर त्या पाइपानंतर आलेली आहे. पण टाकीच आड येते याची खात्री कशी करू? दुसरीकडे भोकं पाडायची तर आधी नक्की कळलेलं बरं. मोबाइलचं होकायंत्र स्टँडजवळ नेलं की वाटेल ती दिशा दाखवतं.

मखमलाबादी:

लोखंडाजवळ होकायंत्र असंच करणार. पण तुमचा धागा अगदी योग्य वेळी आला आहे, सप्टेंबर संपत आलाय. वर्षातून दोनदा सूर्य नाशिकहून बघताना बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो: मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. ऑक्टोबरमधली वेळ सकाळी १०:५० ते १०:५५. मार्चमध्ये सव्वाअकराच्या आसपास.

त्या वेळी गच्चीवर जा आणि फक्त सावल्या बघा. जिथे ऊन पडलंय, तिथे छत्री चालणार. जिथे टाकीची, शेवग्याची सावली आहे, तिथे नाही चालणार. होकायंत्र नको, कोनमापक नको. सूर्याकडे थेट बघू मात्र नका. ऊन पडलेली जागा खडूने आखून ठेवा. पुढे छत्री लागल्यावर याच दिवसांत काही मिनिटं चित्र फुटलं तर घाबरू नका, सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा सिग्नल बुडतो, मग आपोआप येतो.

देवळालीची ताई:

मखमलाबादींनी दिशेचं उत्तम सांगितलं. मी छत्रीच्या कलाबद्दल लिहिते, कारण घरी बसवणारे बहुतेक जण तिथेच अडकतात.

आपल्या छोट्या छत्र्या ऑफसेट असतात. एलएनबी मधोमध नसतो, खालून येणाऱ्या दांडीवर असतो. त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा साधारण २५ अंश वर बघत असते. नाशिकला ५७ अंश हवेत म्हणून तुम्ही तिचं तोंड खरोखर ५७ अंशांवर नेलंत, तर ती भलत्याच आभाळाकडे बघेल. तोंड उभ्या रेषेपासून जेमतेम ३२-३३ अंश मागे झुकलेलं हवं. पाइप मात्र ओळंब्यात उभा हवा. पाइप कलला असेल तर पुढचे सगळे अंदाज चुकतात.

बॉक्सच्या इन्स्टॉलेशनमध्ये एलएनबी युनिव्हर्सल ९७५०/१०६०० ठेवा आणि ११०९० व्हर्टिकल २९५०० हा टीपी (ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहाची एक फ्रिक्वेन्सी) निवडा. टीव्ही गच्चीवर नेता येत नसेल तर घरातलं कुणी क्वालिटीचा आकडा फोनवर वाचून दाखवू दे. नट किंचित सैल ठेवून छत्री डावीकडून उजवीकडे अगदी हळू सरकवा, बोटभर सरकवलं की तीन-चार सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो, आणि घाई करणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो. नाही मिळाला तर कल एखादा अंश बदलून पुन्हा तेच. क्वालिटी आली की शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत फिरवून बघा, तिथे बराच फरक पडतो. मग नट आलटून पालटून आवळा, एकच आधी घट्ट केला तर छत्री ओढली जाते.

टीव्ही नवा असेल तर त्यात उपग्रहाचा ट्यूनर आहे का तेही बघा. असेल तर बॉक्सशिवायही चालू शकतं.

सिडकोकर:

२ ऑक्टोबरला सुट्टीच होती. बाबा आणि मी पावणेअकराला गच्चीवर गेलो. ढग नव्हते. टाकीची सावली नेमकी छत्रीवर, अगदी पूर्ण! इमारतीची सावली आमच्या गच्चीपर्यंत आलीच नव्हती. बाबांनी स्वतः खडूने रेघ मारली.

छत्री टाकीच्या पुढे, कठड्यालगत नव्या पाइपावर घेतली. ताईंनी सांगितलं तसा कल ठेवला. मुलगी खालून आकडे ओरडत होती. आधी ० च, मग एकदम ४८, आणि एलएनबी फिरवल्यावर ७१. सह्याद्री, डीडी न्यूज, डीडी किसान सगळं स्वच्छ दिसतंय. तुम्हा दोघांचे किती आभार मानू? घरात खरोखर आनंद झालाय.

आता एकच विचारायचं राहिलं: शेजारच्या काकांच्या बॉक्सवर आमच्यापेक्षा कमी वाहिन्या दिसतात, ते का? आणि पावसाळ्यासाठी काय करून ठेवू?

देवळालीची ताई:

वा, फार छान वाटलं वाचून! काकांचा बॉक्स जुना एमपेग-२ चा असणार. एमपेग-४ मधल्या वाहिन्या त्याला उलगडता येत नाहीत, छत्री कितीही चांगली असो. बॉक्स बदलला की छत्री तीच चालेल. खासगी वाहिन्यांच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते, त्यामुळे त्या येत-जात राहतात. एप्रिल लागला की एकदा ऑटो स्कॅन करा. सह्याद्री आणि दूरदर्शनच्या इतर वाहिन्यांना ती भीती नाही. मुलगी शाळा-कॉलेजात असेल तर याच उपग्रहावर स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्या आहेत, त्याही शोधून ठेवा.

पावसाळ्याचं: मुसळधार सरीत चित्र थोडा वेळ जाणारच, केयू बँडचा (डीटीएचच्या फ्रिक्वेन्सींचा) सिग्नल पाणी शोषून घेतं. पण क्वालिटी जितकी जास्त, तितका तो वेळ कमी. म्हणून ७१ वर थांबू नका, सवडीने आणखी दोन-चार टक्के मिळतात का बघा. खरं नुकसान वायरमध्ये शिरलेल्या पाण्याने होतं. एलएनबीचा एफ कनेक्टर (वायरच्या टोकाचा आट्यांचा जोड) घट्ट बसवून त्यावर रबरी टेप गुंडाळा, टोपी असेल तर चढवा. वायर एलएनबीपासून थोडी खाली झोल देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाईल. खिडकीतून आत घेतानाही तसाच झोल ठेवा. आणि मेमध्ये वळवाचा वारा सुटायच्या आत सगळे नट एकदा पान्याने तपासा. कठड्यालगत वारा जास्त लागतो, तिथे पाइपाला तिरका आधार दिलात तर उत्तम.