दोन भाजकांच्या बाक्यांवरून तिसऱ्या भाजकाची बाकी कशी ठरवावी?

प्रश्न:
एका धन पूर्णांकाला ६ ने भागल्यास बाकी ४ उरते आणि ८ ने भागल्यास २ उरते, तर त्याला २४ ने भागल्यास बाकी किती उरेल, असा प्रश्न सराव परीक्षेत होता. ४, १०, १६, २२ आणि २, १०, १८ अशा याद्या लिहून मला १० हे उत्तर मिळाले व ते बरोबरही होते. परंतु एका संख्येवर पडताळलेले उत्तर अशा सर्व संख्यांना लागू पडते, हे कशावरून मानायचे? शिवाय ६ आणि ८ यांचा गुणाकार ४८ असताना प्रश्नात २४ का?

पहिले उत्तर:
शंका रास्त आहे. दोन्ही अटी पाळणाऱ्या कोणत्याही दोन संख्या घेतल्या, तर ६ ने भागताना उरणारी त्यांची बाकी सारखीच असल्यामुळे वजाबाकीत ती नाहीशी होते आणि फरकाला ६ ने निःशेष भाग जातो. त्याच कारणाने ८ नेही जातो. म्हणजे फरकाला लसाविने, अर्थात २४ ने, भाग जातोच. ४८ ने जाईलच असे नाही, कारण २ हा अवयव दोन्ही भाजकांत सामाईक आहे. म्हणून अशा संख्या १०, ३४, ५८, ८२ याच क्रमाने येतात. ४८ ने भागल्यास बाकी १० किंवा ३४ उरेल, त्यामुळे तेथे ‘माहिती अपुरी’ हेच उत्तर योग्य ठरते.

दुसरे उत्तर:
यादी करण्यापूर्वी भाजक आणि बाकी यांचे नाते अवश्य पाहावे. येथे ६ + ४ आणि ८ + २ या दोन्ही बेरजा १० आहेत, म्हणून संख्येतून १० वजा करताच उरलेल्या संख्येला दोन्ही भाजकांनी भाग जातो. बाक्या ४ आणि ६ असत्या, तर दोन्हीकडे २ कमी पडले असते आणि २४ ने भागल्यावर बाकी २२ उरली असती. असे नाते न दिसल्यास मोठ्या भाजकाची यादी करावी; २४ च्या आत तिच्यात तीनच संख्या बसतात.

प्रश्नकर्ता:
बाक्या ३ आणि २ घेतल्या, तर याद्या कितीही लांबवल्या तरी जुळत नाहीत. असे का?

पहिले उत्तर देणारे:
पहिल्या अटीमुळे संख्या विषम ठरते आणि दुसरीमुळे सम, म्हणून अशी संख्याच नाही. भाजकांचा मसावि २ असल्याने दोन्ही बाक्या सम किंवा दोन्ही विषम असाव्या लागतात. ५ आणि ८ यांसारख्या सहमूळ भाजकांना हे बंधन नाही. तेथे बाक्यांच्या प्रत्येक जोडीसाठी ४० पेक्षा लहान अशी एक आणि एकच संख्या मिळते, मात्र ० हीसुद्धा त्यांत मोजावी लागते.