रोबो : यंत्रमानव की वेठ्या?

प्रश्न (निपाणी) : सातवीच्या वर्गात एक विज्ञानकथा वाचून दाखवत होते. ‘यंत्रमानव’ शब्द आला तसा एक मुलगा उठला. ‘बाई, माझे मामा बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला आहेत. तिथल्या रोबोला नुसता हातच आहे. मग तो मानव कसा?’ उद्या सांगते म्हणाले खरं, पण काय सांगू?

उत्तर (बेळगाव) : बाई, पोरानं बरोबर बोट ठेवलंय. मी त्याच उद्यमबागेत बावीस वर्षं सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, काढली. आमच्या वेल्डिंगच्या रोबोला डोकं नाही, पाय नाहीत. जमिनीला बोल्टांनी आवळलेला एक हात. फिक्स्चरमध्ये, म्हणजे पकडून ठेवणाऱ्या चौकटीत, जॉब (जोडायचा भाग) लावला, बटण दाबलं, की वाकतो, टाका मारतो, परत जागेवर. त्याला ‘यंत्रमानव’ म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. ‘रोबो बंद पडला’, ‘रोबोवर कोण आहे रे?’ असंच म्हणतात.

आता गंमत अशी, की ‘रोबो’ हा शब्द जिथून आला तिथे ‘यंत्र’ही नव्हतं! कारेल चापेक या चेक लेखकानं 1920 साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिलं. त्यातले रोबो लोखंडाचे नाहीत. कणीक तिंबावी तसा जिवंत लगदा मळून, सूतगिरणीत सूत काढावं तशा शिरा कातून, माणसासारखी माणसं तयार केली आहेत. त्यांना नाव काय द्यावं हे कारेलला सुचेना. त्याचा भाऊ योसेफ चित्रकार. तो तोंडात ब्रश धरून चित्र काढत होता. तसाच पुटपुटला, ‘रोबोट म्हण की’. ही हकीकत पुढे कारेलनंच लिहून ठेवली आहे.

म्हणजे नाटकात ‘यंत्र’ चुकतं आणि कारखान्यात ‘मानव’. दोन्हीकडे टिकतो तो एकच अर्थ. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे कुळानं जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्याचे सक्तीचे दिवस. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ही पद्धत 1848 मध्ये बंद झाली. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, वेठ. अमेरिकेतला विज्ञानकथा लेखक आयझॅक असिमोव्ह यानं 1942 च्या कथेत रोबोंसाठी तीन नियम घातले, त्यातला दुसरा नियमही माणसाचा हुकूम पाळण्याचाच. म्हणून माझ्या मते नेमका मराठी शब्द ‘वेठ्या’.

(खानापूर) : मग ‘राबणे’ आणि ‘रोबो’ एकाच मुळाचे का? किती जवळचे वाटतात!

(बेळगाव) : मलाही वाटायचं, पण जुळत नाही. स्लाव्ह भाषांत (चेक त्यातलीच एक) मूळ धातू ‘ओर्ब’ होता, अक्षरांची अदलाबदल होऊन पुढे ‘रोब’ झाला. त्यामुळे ‘राब’शी नुसतं ध्वनीचं साम्य. त्या ‘ओर्ब’चं खरं नातं संस्कृत ‘अर्भ’शी लावतात. म्हणजे आपल्या ‘अर्भका’शी! पोरकं, आधार नसलेलं लेकरू, दुसऱ्याच्या दारात राबणारं, अशी ती अर्थाची वाट. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ गप्प बसलो होतो.

(निपाणी) : दादा, आज वर्गात सांगितलं. फळ्यावर ‘वेठ’ लिहिलं. मुलांना ‘वेठीस धरणे’ तेवढं माहीत होतं, नुसता ‘वेठ’ नाही. अर्थ सांगितल्यावर घरी कन्नड बोलणारी एक मुलगी म्हणाली, ‘बाई, आमच्यात बिट्टी म्हणतात.’

(बेळगाव) : शाबास तिची! दोन्ही एकच शब्द आहे, बाई. संस्कृतात ‘विष्टि’, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सक्तीच्या मजुरीला हाच शब्द आहे. मराठीत त्याची वेठ झाली, कन्नडमध्ये ‘व’चा ‘ब’ होऊन बिट्टी. ‘वेठबिगार’ मधला ‘बिगार’ मात्र फारसीतला, अर्थ तोच.

रोजच्या बोलण्यात रोबोच राहू दे, तो रुळलाय. माणसासारखा दिसणारा असेल तर यंत्रमानव चालेल. पण चापेकचं नाटक कधी मुलांकडून बसवून घेतलंत, तर तिथे ‘वेठ्या’ वापरून बघा.